वाणातलं केंदाळ

बोईसरला माणसं नोकरीला येतात, बदलीवर येतात, पाळीची बस पकडायला धावतात. पाहायला म्हणून कोणी येत नाही. मी मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, चार दिवसांसाठी गेले आणि माझ्या बॅगेत साड्यांच्या खाली गमबूट, रबरी हातमोजे, बिनदांड्याचं दाताळं आणि एक वही होती.

निमित्त झालं एका फोटोचं. माझी मावसबहीण वैशाली बोईसरजवळ सालवडला राहते. तिचे यजमान सुनीलराव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर असतात. वैशूने मला फोनवर एका तळ्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, काय फुलं आलीत बघ! आपल्याकडे असतं का असं?’

फिकट जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा, खाली जाड हिरवा गालिचा. आपल्याकडे असतं. मी कोल्हापूरची. आमच्याकडे त्याला केंदाळ म्हणतात, शहरातले लोक जलपर्णी म्हणतात, आणि मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे रविवारची सकाळ आमच्या गटाबरोबर ते उपटण्यात घालवते. वैशूला मी ‘सुंदर’ असं उत्तर पाठवलं नाही. ‘येते’ असं पाठवलं. तिला वाटलं, फुलं बघायला.

सालवड, शनिवार

स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षावाला ‘सालवड, सालवड’ ओरडत चौथा प्रवासी मिळेपर्यंत तुम्हाला बसवून ठेवतो. मग चाळी, भाड्याच्या खोल्या, मेस, मोबाइलची दुकानं आणि मागे धुराडी. हवेला एक वास होता. सडलेल्या फळाचा आणि औषधाच्या गोळीचा मिळून होईल तसा. मी सुनीलरावांना विचारलं, “हा वास कसला?”

“कसला वास?” ते म्हणाले.

आमच्याकडे गळिताच्या हंगामात मळीचा वास सुटतो तेव्हा पाहुण्यांना आम्हीही हेच उत्तर देतो.

चहा घेऊन गॅलरीत गेले आणि कप खाली ठेवला. कठड्यावर काचेच्या वाडग्यात, रंगीत खड्यांवर, ते तरंगत होतं.

“हे काय?”

“ते होय? संक्रांतीचं वाण!” वैशू खुलली. “दरवर्षी बायका प्लास्टिकचे डबे वाटतात. मी म्हटलं, यंदा पर्यावरणपूरक. सोसायटीत सगळ्या म्हणाल्या, वैशू, वाण द्यावं तर तुझ्यासारखं.”

“किती दिलीस?”

“पाच डझन आणली. एक घरात ठेवलं.”

मी तिला सांगितलं की हे आणि तळ्यातलं एकच. तिने मान्य केलं नाही. तळ्यातलं ढोपराएवढं उंच, देठ सरळ, लांब. वाडग्यातलं चार पानांचं, देठ फुग्यासारखे गोल, आणि फूल तर एकदाही नाही. तिचं बघणं चुकीचं नव्हतं. बहुतेक लोक इथेच फसतात. मोकळ्या पाण्यात केंदाळाचे देठ फुगतात, गर्दी झाली की तेच देठ लांब आणि बारीक होतात. मी वाडग्यातलं रोप उचलून उलटं केलं. खाली काळसर, पिसासारखी मुळं. देठ नखाने चिरला. आत स्पंज.

“अगं, वाण आहे ते!” वैशू किंचाळली.

बोलता बोलता दुसरा प्रश्नही सुटला. हे तळ्यात गेलं कसं? फेब्रुवारीत डासांची तपासणी करणारे लोक आले, त्यांनी घराघरातलं साठलेलं पाणी ओतून टाकायला सांगितलं. मग शाळांना सुट्ट्या लागल्या, इथली कुटुंबं आपापल्या गावी निघाली. वाडग्याला पाणी कोण घालणार?

“कचऱ्याच्या डब्यात टाकायचं का मग?” वैशू म्हणाली. “सुवासिनीला दिलेलं वाण? बायकांनी हळदकुंकू वाहिलं आणि तळ्यात सोडलं. मीच सुचवलं होतं.”

नमस्कार करून सोडलेलं केंदाळ मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्याकडे ते निदान कोणाच्या पाठिंब्याशिवाय वाढतं.

वरचं तळं, रविवार

सालवडहून बेटेगावच्या बाजूला जाताना इमारती संपतात तिथे उतारावर दोन तळी आहेत, एकाखाली एक. वरचं भरलं की एका सांडव्यातून पाणी खालच्यात उतरतं. सकाळी सातला मी वरच्या तळ्यावर पोचले तेव्हा निम्म्याहून थोडं कमी पाणी झाकलेलं होतं आणि एक चाळिशीची, काटक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून बांबूने गालिचा मागे ढकलत होती. माझ्या गमबुटांकडे बघून ती म्हणाली, “तुमी पन फोटोवाल्या?”

“नाही. उपटायला आलेय.”

“मंग बूट काडा. चिकल बूट ठेवून घेतो नि मानूस परत देतो.”

ही लखमीबाय. खालच्या तळ्याकाठच्या पाड्यावर राहते. मी बूट काढले नाहीत, आणि दहाव्या पावलाला उजवा बूट चिखलात राहिला, मी पुढे गेले, तोंडावर. लखमीबायने मला काखेत धरून उभं केलं. ती हसली नाही, पण तिच्या गटातल्या बाकीच्या सहा जणी काठावर येऊन बसल्या होत्या, त्या हसल्या.

त्या सात जणींच्या गटाने खालच्या तळ्यात मासे सोडलेत. रोहू आणि कटला. पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, मुकादम येऊन घेऊन जातो, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. गेल्या हिवाळ्यात या सात जणी पहिल्यांदा गेल्या नाहीत. तळं राखत बसल्या. मासे अजून वितीएवढे आहेत. येत्या दिवाळीनंतर काढायचे.

“आता हा वरचा भरला का सांडव्यानं समदा खाली येनार,” लखमीबाय म्हणाली. “पानी झाकला का मासं गुदमरतील. मासं मेलं का परत भट्टी. मुकादम वाटच बगतो.”

म्हणजे पावसाआधी वरचं तळं साफ व्हायला हवं होतं. मी वही काढली. लखमीबायने वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, “लिवून झाला का हात लावा.”

नऊ वाजता एका कारखान्याचं स्वयंसेवक पथक आलं. पांढऱ्या टोप्या, हिरवे टी-शर्ट, ‘तळे वाचवा’ असा फलक, एक जाळं, लोखंडी आकडे, समोशांचा खोका. त्यांचे प्रमुख मला म्हणाले, “मॅडम, ही वॉटर लिलीच ना?” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “त्याच प्रकारातली.” मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विषय बदलला.

पथकाने विळे काढले आणि वरची पानं कापायला सुरुवात केली. केंदाळ कापायचं नसतं. मुळासकट उपटायचं असतं. कापलेला प्रत्येक तुकडा गड्ड्यासकट सुटला तर तो नवं रोप होतो. मी हे तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा वर्गात सांगते त्या आवाजात. एक तरुण कामगार थांबला. त्याच्या साहेबांनी त्याला हाक मारली. “अरे, कोने वाला रहने दो! फोटो में फूल आना चाहिए।”

खरंच ठेवला. फुलांचा सगळ्यात दाट कोपरा त्यांनी मागच्या दृश्यासाठी राखला, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले, आणि कापलेला ढीग सांडव्याच्या वरच्या उतारावर रचला. म्हणजे पहिली सर आली की तो स्वतःच्या पायाने खालच्या तळ्यात गेला असता. पाऊण तासात समोसे संपले आणि काम पण संपलं.

“हे जाळं, हे आकडे पुढच्या रविवारी कुठे जाणार?” मी विचारलं.

“आणखी एका तळ्यावर. दर रविवारी एक तळं.”

जाळ्याच्या गाठीगाठीत मुळं अडकलेली होती. ते घेऊन हे लोक दर रविवारी नव्या तळ्यावर जाणार होते. इतकं नेमाने केंदाळ पोचवायचं तर आमच्या गटाला जमलं नसतं. मी म्हटलं, ते झटका, धुवा, चार दिवस कडक उन्हात वाळवा, मग न्या.

“आमच्या चेकलिस्टमध्ये ते नाहीये, मॅडम.”

मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि माझ्या पेनाने खाली तेरावा मुद्दा लिहून दिला. त्यांची गाडी गेली. मी त्याच आवेशात सात जणींकडे वळून अवजारं स्वच्छ ठेवण्याचं महत्त्व समजावू लागले.

“मॅडम,” लखमीबाय मधेच म्हणाली, “तुमच्या बुटातून काय पडला ता?”

चिखलातून ओढून काढलेला माझा बूट काठावर उलटा पडला होता. तळव्याच्या खाचेतून एक काळा, ठिसूळ मुळांचा झुपका लोंबत होता, शेंड्याशी गड्ड्याचा तुकडा. या तळ्यातला असता तर गड्डा हिरवा असता. तो कोल्हापूरचा होता. साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर मी तो साड्यांखाली घालून आणला होता. वाळून मेलेला होता हे माझं नशीब. माझ्या वहीतल्या सामानाच्या यादीचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं. तिच्यात बूट ‘घेणे’ होतं, ‘धुणे’ नव्हतं.

सात जणी या वेळी मनसोक्त हसल्या. एकीने विचारलं, “तुमच्याकडला चांगला हाय का आमच्याकडला?”

त्यानंतर कामाला गती आली. कोणी कोणाला समजावत नव्हतं. आम्ही रांग धरली, मुळासकट उपटायचं, हातोहात काठावर द्यायचं, तिथून उताराच्या उलट्या बाजूला, मुरमाच्या उंचवट्यावर पातळ पसरायचं. ढीग करायचा नाही. ढिगाच्या पोटात केंदाळ आठवडाभर हिरवं राहतं. साहेबांचा ढीगही वर चढवला. फोटोचा कोपरा सगळ्यात आधी काढला. सांडव्याच्या तोंडाशी लखमीबायने दोन लांब बांबू आडवे बांधले आणि खाली जुनं जाळं सोडलं, म्हणजे पाणी जाईल, रोप अडकेल.

अकराच्या सुमाराला मी काठावरच्या एका वेलाला हात घातला. पोकळ, लालसर दांडा, बाणासारखी पानं. दोन हिसके दिले आणि मागून आवाज आला.

“ए बाय! माजी भाजी हाय ती!”

ती नाळीची भाजी. पाण्याकाठी पहिल्यापासून वाढते, इथल्या बायका खुडून नेतात. शिकलेल्या हाताला पाण्यातलं सगळं हिरवं शत्रू वाटायला लागतं. मी उपटलेली भाजी फुकट गेली नाही. दुपारी लखमीबायच्या पडवीत तीच लसूण-मिरचीवर परतून, तांदळाच्या भाकरीबरोबर आणि सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर ताटात आली. आमच्या भाकरीला जोंधळ्याचा करकरीतपणा असतो, ही मऊ, पातळ, घडी होणारी. चटणी इतकी तिखट की एका कोल्हापूरकर बाईने पाणी मागितलं. याची पाड्यावर अजून आठवण काढतात म्हणे. वर ताडगोळे होते, थंडगार. पोटभर खाऊन पुन्हा पाण्यात उतरलो.

नर्सरी आणि अकरा कप चहा, सोमवार

सकाळभर उपटून झाल्यावर मी वैशूला घेऊन तिने वाण जिथून आणलं होतं, पालघरच्या रस्त्यावरच्या त्या नर्सरीत गेले. सिमेंटच्या हौदात केंदाळ ओसंडत होतं आणि त्यावर पाटी, ‘लकी कमळ’.

“कमळ?” मी विचारलं.

“लोक कमळ म्हटलं की घेतात,” मालक मोकळेपणाने म्हणाले. “आणि मॅडम, काळजीच नाही. खत नको, औषध नको. मरतच नाही. लिहून देतो.”

हा त्यांच्या विक्रीचा मुद्दा होता आणि माझ्या तक्रारीचा. मी दहा मिनिटं तक्रार केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हौदावर गोणपाट टाकलं आणि म्हणाले, “मग हे घ्या ना, मॅडम.” शेजारच्या टबात पाण्यावर तरंगणारी, कोबीच्या गड्ड्यासारखी हिरवी रोपं होती. तीही त्याच घराण्याला शोभेल अशा वागणुकीची. मी वैशूला हाताला धरून बाहेर काढलं. तिने पर्समध्ये हात घातला होता.

दुपारचं काम अवघड होतं. तळं साफ करून उपयोग नव्हता, जोवर घराघरातून नवी रोपं येत राहणार. दिलेली वाणं परत गोळा करायला हवी होती.

“परत मागायचं?” वैशू खुर्चीत बसली. “ताई, दिलेलं वाण? वर्षभर मला नावं ठेवतील.”

“लखमीबायचे मासे मरतील.”

“ते कळतंय मला. पण मागायचं कसं? तोंड कसं उघडायचं?”

शेवटी तिनेच तोडगा काढला. मागायचं नाही, ‘वाण कसं आहे बघायला आलो’ म्हणायचं, आणि मग मी आजाऱ्याला तपासल्यासारखा चेहरा करून ‘याला कीड लागलीय, घेऊन जाते’ म्हणायचं. मला खोटं बोलायला आवडत नाही. सोमवारी दुपारी मी ते अकरा घरांत बोलले, आणि अकरा कप चहा प्यायले. बारावं घर पुष्पाबाईंचं. सांगलीकडची, सरळ बाई. मी कीड म्हणताच तिने वाडगं वर धरून बघितलं. “कुठाय कीड? काय ते खरं सांगा की.”

खरं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, “एवढंच ना? न्या. आमच्या गावची नदी बघितलीय मी.” त्यानंतर सगळ्या घरांत खरंच सांगितलं आणि काम दुप्पट वेगाने झालं. नावं ठेवायची तर बायका अजूनही ठेवतात, पण ती कीड म्हणाल्याबद्दल.

जी कुटुंबं अजून गावी होती, त्यांना वैशूने फोनवर विचारलं. बहुतेक वाडगी रिकामी होती, तळ्यात सोडून झालेली. त्यांच्यापुढे मी वहीत ‘तळे’ लिहिलं. काही मिळाली, ती गोणीत भरली. आणि एका घरात धक्का बसला.

“आमचं ना, मी गावी नेलं,” ती सून म्हणाली. “कराडजवळ. सासऱ्यांनी विहिरीत सोडलं. छान वाढलंय म्हणाले.”

पाळीवरच्या नोकऱ्या करणारी ही माणसं अर्ध्या महाराष्ट्रातून येतात. उन्हाळ्यात परत जाताना चिकू नेतात, सुके बोंबील नेतात. यंदा वाण नेलं होतं. मी तिथेच फोन लावायला सांगितला.

“होय, सोडलंय की,” पलीकडून भारदस्त आवाज आला. “झकास पसरलंय. कासवाला सावली झाली.”

“आबा, ते काढून टाका. विहीर भरून जाईल.”

“का म्हणून? सूनबाईंनी वाण म्हणून आणलंय ते.”

मी पाण्यातल्या प्राणवायूबद्दल बोलले. ते ‘बरं बरं’ म्हणाले. मी डासांबद्दल बोलले. ‘बरं बरं.’ मग मला आपला मुलूख आठवला.

“आबा, मुळं मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतील. ऐन उसाला पाणी द्यायच्या वेळी मोटार जळेल.”

“आँ? बाळ्या! शिडी आण रे!”

फोन बंद झाला. संध्याकाळी त्यांनी रोपं पत्र्यावर वाळत घातल्याचा फोटो पाठवला. सतरा होती. विहीर एक, वाण एक, संक्रांतीपासून महिने चार.

साठावं रोप, मंगळवार

मंगळवारी दुपारपर्यंत वरचं तळं मोकळं झालं. पाणी काळपट होतं, पण पाणी दिसत होतं. बी चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि कधीही उगवतं, हे मला माहीत होतं; तरी कंबर सरळ करून बघायला बरं वाटलं.

तेवढ्यात लखमीबायने हाक मारली. सोसायटीच्या बाजूने येणारा छोटा नाला तळ्याला मिळतो त्या तोंडाशी ती उभी होती. तिच्या तळहातावर केंदाळाची दोन पिल्लं होती. ताजी, फुगीर देठांची, कालपर्यंत नसलेली.

“वरून आली,” ती म्हणाली. “अजून कोनाकडं तरी हाय.”

मी वही काढून बसले. साठ आणली. एक वैशूचं. एकोणसाठ दिली. हळदीकुंकवाच्या यादीत नावं अठ्ठावन्न. अठ्ठावन्नही घरांचा हिशेब लागला होता. एक रोप कुठेच नव्हतं.

“एखादं वाडगं फुटलं असेल,” वैशू म्हणाली.

“फुटलं?”

“मोजायला चुकली असशील तू.”

मी वही तिच्यापुढे धरली. मोजायला मी चुकत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. ती पदराशी चाळा करत म्हणाली, “तळमजल्यावर कुमुदताई राहतात. सहा वर्षं झाली त्यांचे मिस्टर जाऊन. एक उरलं होतं. मागच्या दाराने नेऊन दिलं. यादीत कसं लिहिणार?”

कुमुदताईंचं मागचं अंगण सोसायटीच्या भिंतीला लागून होतं, नाल्याच्या अगदी वर. आम्ही तिघी गेलो. वैशू, मी, आणि चिखलाने भरलेली लखमीबाय, जिला वॉचमनने अडवलं तेव्हा मी फक्त ‘माझ्याबरोबर आहेत’ म्हटलं आणि थांबले नाही. अंगणात एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यात केंदाळ इतकं तजेलदार वाढलं होतं, की मी दुसऱ्या कोणाच्या दारात असते तर कौतुक केलं असतं. मधोमध एक तुरा, सात-आठ फुलांचा. संपूर्ण सोसायटीत एकाच घरात ते फुललं होतं.

कुमुदताई पन्नाशीच्या पुढच्या, जळगावकडच्या. कोणी आलेलं त्यांना सवयीचं नसावं. त्यांनी घाईने खुर्च्या पुसल्या. “दर आठवड्याला पाणी बदलते मी,” त्या म्हणाल्या. “खूप पिल्लं होतात बाई त्याला. जास्तीची फेकवत नाहीत. मोरीत सोडते, जातात वाहत.”

मी समजावून सांगितलं. नाला, तळं, सांडवा, सगळं. चांगलं सांगितलं, आता सरावाचं झालं होतं. शेवटी म्हटलं, “म्हणून आम्ही सगळ्यांची वाणं परत गोळा करतोय.”

त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. “यात माझं नाव आहे?”

“नाही.”

“द्यायच्या यादीत नव्हतं. मग परत मागायच्या यादीत कसं आलं?”

वैशू नळाकडे बघू लागली. नळ बंद होता. मी वही मिटली.

बोलली लखमीबाय. “मागू नका तिचा. तिला दिलाय ना? मंग तिचाच हाय. ती काय करल ता करल.” आणि कुमुदताईंकडे वळून, पायरीवर बसकण मारून, म्हणाली, “माजी गोष्ट आयक. खाली आमचं मासं हाय. हा खाली आला का मासं मेलं. मंग मी परत भट्टीवर जानार. मागल्या वर्सी नाय गेली, बारा वर्सांत पयल्यांदा.”

“घरात दुसरं कोणी नाही जाणारं?”

“नवरा गेला. दोन वर्सां झाली.”

कुमुदताईंनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे ठसठशीत गोंदण होतं, आणि चिखल. “तरी तुम्ही गटात पुढे कशा?”

“म्हंजे? तळ्यात उतराया नवरा लागतो?”

वैशू खोकली. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. कुमुदताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी साडी खोचली, बाह्या वर केल्या आणि पिंपात कोपरापर्यंत हात घातला. रोपांची एकमेकांत गुंतलेली मुळं सुटेनात. त्यांनी सगळा गुंता एकदम वर ओढला, पाणी आमच्या तिघींच्या अंगावर. मी गोणी पुढे केली.

“परत देत नाहीये मी,” त्या म्हणाल्या. “वाळवतेय.”

अंगणातल्या तापलेल्या फरशीवर त्यांनी एकेक रोप उलटं मांडलं, मुळं उन्हाकडे. तुरा खुडून बाजूला काढला, पाहिला, आणि तोही फरशीवर ठेवला. मग मोरीच्या तोंडाला एक जुनी चाळण घट्ट बसवली, मला न विचारता. ते माझ्या यादीत यायला हवं होतं.

त्या संध्याकाळी त्या आमच्याबरोबर तळ्यावर आल्या. नऊ वर्षं त्या इथे राहतात. तळं त्यांच्या मागच्या दारापासून पाच मिनिटांवर आहे. कधी आल्या नव्हत्या. लखमीबायने त्यांना डोळे मिटायला लावले आणि हातात दोन दांडे दिले. “पोकळ ती भाजी. कापसावानी लागतो ता बेकार.” दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा नाही. सांडव्यावरचे बांबू कोण बघणार, हा प्रश्न मी काढायच्या आतच त्यांनी सोडवला होता. मी माझी वही त्यांना देऊ केली.

“राहू दे,” कुमुदताई म्हणाल्या. “दोन-चार रोपं लक्षात राहतात माणसाच्या.”

बुधवारी सकाळी मी निघाले. गमबूट वैशूच्या गॅलरीत दोन दिवस वाळत घातले होते, वास सुनीलरावांनाही आला.

पावसाळाभर कुमुदताईंचे फोन येत राहिले. आषाढात बांबूला आठ रोपं अडकली. श्रावणात तीन, तीही चिखलातल्या बियांची, बोटाएवढी. खालच्या तळ्यात एकही गेलं नाही. पथक दुसऱ्या तळ्यांवर फिरतंय. तेराव्या मुद्द्याचं काय झालं, ते कळत नाही. वैशूने येत्या संक्रांतीला स्टीलचे चमचे ठरवलेत. यादीबद्दल विचारलं तर म्हणाली, “बघू गं, सगळ्यांचं बघावं लागतं,” आणि तिला अचानक गॅसवरचं दूध आठवलं.

दिवाळी झाल्यावर मासे काढले. मुकादम दरवर्षीसारखा गाडी घेऊन पाड्यावर माणसं न्यायला आला. त्या दिवशी जाळं नुकतंच काठावर आलं होतं. तो सात जणींसाठी अर्धा तास थांबला, आणि दोन किलोचा कटला विकत घेऊन परत गेला.